जुने अमेरिकी विनोदी कार्यक्रम कसे बघावेत (भडंग नंतर)

सांगलीत आमच्या नाटकाच्या ग्रुपची तालीम शनिवारी संध्याकाळी असते. महिन्यातल्या एका शनिवारी तालमीला सुट्टी आणि सगळी वरात माझ्या घरी. १९५० च्या आगेमागे अमेरिकेत टीव्हीवर लागायचे ते विनोदी कार्यक्रम आम्ही बघतो. दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला हे कसलं वेड, असं घरच्यांसकट बरेच जण विचारतात. मला त्यात एकच गोष्ट दिसते: ते बहुतेक लाइव्ह व्हायचे. कॅमेरा होता, पण रीटेक नव्हता. एकांकिका करणाऱ्या पोरांना यापेक्षा चांगली शिकवणी मला तरी माहीत नाही. तुम्हालाही अशी बैठक जमवायची असेल तर माझ्या चुकांवरून शिका.

पहिली चूक म्हणजे क्रमाने जाणं. मी १९४८ च्या मिल्टन बर्लपासून सुरुवात केली. 'टेक्साको स्टार थिएटर' हा त्याचा कार्यक्रम, एनबीसी वाहिनीवर, मंगळवारी रात्री ८ वाजता. लोक त्याला 'मिस्टर टेलिव्हिजन' म्हणायचे. बाईचा वेश करून येणार, आरडाओरडा करणार, पाहुण्याच्या गाण्यात मध्येच घुसणार. आमच्याकडे वीस मिनिटांत तीन पोरं मोबाइलमध्ये! बर्लला चौथ्या-पाचव्या बैठकीला आणा, तोवर नजर तयार होते.

सुरुवात करा सिड सीझरपासून. 'युअर शो ऑफ शोज', १९५० ते १९५४, शनिवारी रात्री दीड तास लाइव्ह. सोबत इमोजीन कोका, कार्ल रायनर, हॉवर्ड मॉरिस, आणि लिहिणाऱ्यांत मेल ब्रूक्स आणि नील सायमन. अख्खे दीड तास मात्र बघू नका. मधली नाचगाणी खुशाल पुढे ढकला. ३ एप्रिल १९५४ चं 'धिस इज युअर स्टोरी' हे स्किट काढा. अकरा-बारा मिनिटांचं आहे. लावण्याआधी एवढंच सांगा, की त्या काळी खरोखरचा एक कार्यक्रम होता, त्यात माणसाला बेसावध गाठून कॅमेऱ्यासमोर बसवायचे आणि त्याच्या आयुष्यातली विसरलेली माणसं एकेक करून पुढे आणायचे. हे माहीत नसेल तर निम्मा विनोद वाया जातो.

स्किटमध्ये सीझर प्रेक्षकांत बसलाय. निवेदक झालेला रायनर त्याचं नाव घेतो आणि हा बिचारा स्टेजवर यायलाच तयार नाही. पळतो काय, अंगावर येणाऱ्यांना कोटाने हाणतो काय! शेवटी त्याला उचलून आणावं लागतं. मग येतो गुपीकाका, म्हणजे हॉवर्ड मॉरिस. दोघं गळ्यात पडून रडतात. सोडवलं की परत पडतात. मग काका खाली बसून पुतण्याच्या पायालाच मिठी मारतो आणि सीझर तसाच, पायाला लटकलेल्या काकासकट, चालत सुटतो. इथे पॉज करा आणि पोरांना रायनरकडे बघायला सांगा. मधला माणूस गंभीर राहतो म्हणूनच बाजूचे दोघं हसवू शकतात. हे मी तालमीत शंभरदा बोलले असेन, पण डोक्यात शिरलं ते गुपीकाकामुळे.

आता चित्राबद्दल. ते धुरकट, थोडं वाकडं दिसणार, तुमचा टीव्ही बिघडलेला नाही. व्हिडिओटेप बाजारात आली १९५६ साली. त्याआधी स्टुडिओतला मॉनिटर समोर ठेवून त्याचंच फिल्मवर शूटिंग करायचे, त्याला किनेस्कोप म्हणतात. आज हाती उरलंय ते बरंचसं असंच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र चौकोनी, ४:३ करा, नाहीतर सगळे जाडे दिसतात. आपोआप येणाऱ्या सबटायटल्स बंद ठेवा. सीझर खोटं जर्मन, खोटं फ्रेंच बोलतो. वडिलांच्या हॉटेलात येणाऱ्या गिऱ्हाइकांचे सूर त्याने लहानपणी ऐकून उचलले होते. शब्द नसतातच, नुसता सूर, आणि मशीन त्यातून इंग्रजी शब्द काढत बसतं. आणि आवाज मुळात बारीक, म्हणून स्किट संपेपर्यंत भडंगाचा डबा उघडायचा नाही. हा नियम आमच्याकडे फार कडक आहे.

कार्यक्रमात येणाऱ्या पाहुण्या कलाकारांसाठी वेगळी तयारी लागते. पाहुणा प्रसिद्ध कशासाठी होता हे पोरांना कळलं, तरच तो स्वतःची चेष्टा करून घेतोय हे कळणार. विनोदवीर जॅक बेनीच्या कार्यक्रमाच्या १३ सप्टेंबर १९५३ च्या भागात सिनेतारका मर्लिन मन्रो येते. टीव्हीवर ती पहिल्यांदाच. बेनीची पडद्यावरची ख्याती म्हणजे चिक्कू, आणि वय कायम ३९च सांगणारा. हा माणूस बोटीवर झोपतो आणि स्वप्नात मर्लिन त्याच्यावर भाळते. जाग येते तेव्हा शेजारी भलतीच बाई. पुढच्याच महिन्यात सिनेमात गुंड रंगवणारा हम्फ्री बोगार्ट येतो, तोच थाट घेऊन, आणि स्किटमध्येच लकी स्ट्राइक सिगारेटची जाहिरात करून जातो. जाहिराती कापलेली कॉपी म्हणूनच घेऊ नका. टेक्साको या प्रायोजक तेल कंपनीच्या गणवेशात चार पेट्रोलपंपवाले गात येतात तीही जाहिरातच, पण त्याशिवाय बर्लची एंट्री लंगडी होते.

बरेच भाग इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर फुकट मिळतात, 'कोलगेट कॉमेडी अवर'चे विशेष. त्यातला १९५२ चा, एडी कँटरने सादर केलेला एक भाग मी नव्या बॅचला दाखवतेच. सॅमी डेव्हिस ज्युनिअर पाहुणा. जीव तोडून नाचतो, घामाघूम होतो. कँटर पुढे येतो आणि स्वतःच्या रुमालाने त्याचं कपाळ पुसतो. मी थांबवते आणि विचारते, "आत्ता काय झालं?" कुणालाच काही दिसलेलं नसतं. पुन्हा लावते, तरी नाही. मग सांगते, की एका गोऱ्या माणसाने काळ्या माणसाचा घाम पुसला म्हणून शिव्यांची पत्रं आली, प्रायोजक बिथरला, आणि तरीही कँटरने सॅमीला परत बोलावलं. त्या दिवशी भडंगाआधी अर्धा तास तरी वादावादी होते. तेवढा वेळ हाताशी ठेवा.