४,२९,४९,६७,२९७ चे अवयव हाताने कसे पाडायचे

मोठी संख्या दिसली की २, ३, ५, ७ ने भागत सुटायची सवय आधी मोडा. हिचं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. त्यामुळे संख्या कुठून आली ते आधी पाहा: ही २ चा ३२वा घात अधिक १ आहे. सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती फर्माला ती मूळ वाटत होती. गणिती ऑयलरने १७३२ मध्ये तिचे अवयव दाखवले.

समजा, एखादी मूळ संख्या हिला भागते. मग त्या भाजकाने २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ येते, ६४व्याची १, आणि ६४ पेक्षा लहान कुठल्याही घाताची १ येत नाही. पण भाजक मूळ असला की २ च्या (भाजक वजा १)व्या घाताची बाकीही १ येते, म्हणून भाजकातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या ६४ च्या पटीत असलीच पाहिजे. उमेदवार उरले १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१… किती सुंदर चाळणी आहे ही!

भागाकार पूर्ण संख्येचा करू नका, बाक्यांचा वर्ग करत जा. ६४१ घ्या. २ चा ८वा घात २५६. त्याचा वर्ग ६५,५३६, बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६, म्हणजे ६४१ × ३७ वजा १. बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. याच रीतीने १९३ ला शेवटी १०९ उरतात, २५७ ला २. बाकी अर्ध्याहून मोठी आली तर ऋण करून घ्या, वर्ग लहान राहतात.

दुसरा अवयव ६७,००,४१७. नवखे इथेच थांबतात, पण तो मूळ आहे हे दाखवायचं राहिलेलं असतं. गणिती ल्युकाच्या प्रमेयानुसार अशा भाजकातून १ वजा केल्यावर १२८ नेही भाग जातो. वर्गमूळ सुमारे २,५८८, त्यामुळे आधीच बाद झालेली २५७ सोडून तपासायच्या फक्त ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे तो मूळ.

आता बाकीचं सोपं. विभाजक चार, त्यांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६. हिच्यापेक्षा लहान आणि हिच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या ६४० × ६७,००,४१६, म्हणजे ४,२८,८२,६६,२४०.

संगणकावर फर्माची कसोटी (आधाराच्या ‘संख्या वजा १’व्या घाताची बाकी १ आली नाही तर संख्या संयुक्त) लावताना आधार २ घेऊ नका. २ च्या ६४व्या घाताची बाकी १ येते आणि संख्या वजा १ हा ६४ च्या पटीत आहे, म्हणून ही संयुक्त संख्या २ च्या कसोटीत हमखास उत्तीर्ण होते. आधार ३ घेतला तर लगेच पकडली जाते. सी भाषेत ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मावतं. आपली संख्या त्यात ठेवली तर आत १ उरतो, आणि प्रोग्रॅम काहीही तक्रार न करता चुकीचं उत्तर देतो. ६४ बिटांतही बाक्यांचे वर्ग ओसंडू शकतात. पायथनच्या पूर्णांकांना ही मर्यादा नाही, शिकताना तेच वापरा.