देणगीआधी हिशेब वाचताय? या चुका टाळा

२४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर लगेच ‘सेंटर फॉर रिप्रॉडक्टिव्ह राइट्स’ला देणगी द्यायची चर्चा सुरू झाली. या खटल्यात मिसिसिपीतल्या क्लिनिकची बाजू न्यूयॉर्कच्या याच वकिली संस्थेने मांडली होती. दोघीतिघींनी पैसे पाठवण्याआधी हिशेब उघडले आणि चक्रावल्या. एका कागदावर एक जमा, दुसऱ्यावर भलतीच. “काही घोळ आहे का गं?” घोळ वाचण्यात होता. पहिल्यांदा मीही त्यातच अडकले होते.

दोन कागदांची बेरीज जुळवत बसणं

अशा संस्थेचे दोन कागद हाती लागतात: आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे, दरवर्षी भरायचा फॉर्म ९९० आणि ऑडिट झालेली आर्थिक विवरणं. त्यांचे आकडे जुळतीलच असं धरून चालू नका. वकिली संस्थेत तर फरक बहुधा असतोच, कारण फुकट मिळणारी वकिली. डॉब्समध्ये पॉल वाइस ही बडी लॉ फर्म सेंटरच्या जोडीला होती. अशा फर्मचे वकील विनामूल्य काम करतात तेव्हा त्यांच्या तासांची बाजारभावाने किंमत काढून ऑडिटमध्ये ती जमेलाही धरतात आणि खर्चालाही. फॉर्म ९९० मध्ये मात्र दान मिळालेल्या सेवा उत्पन्नात दाखवता येत नाहीत.

मग करायचं काय? फॉर्मच्या शेड्यूल डी या जोडपत्रातले भाग ११ आणि १२ उघडा. दोन्ही कागदांची जुळवणी तिथे ओळीने दिलेली असते. तीही बसत नसेल, तर संस्थेला खुशाल विचारा.

यातच दुसरी फसगत लपलेली आहे. हे फुकटचे तास बहुतेक खटल्यांवर, म्हणजे ‘कार्यक्रमा’वर (संस्थेच्या मूळ कामावर) पडतात. त्यामुळे ऑडिटवरून काढलेली कार्यक्रम खर्चाची टक्केवारी फॉर्मवरून काढलेल्या टक्केवारीपेक्षा गोंडस दिसते. कोणी टक्केवारी तोंडावर फेकली, तर ती कोणत्या कागदावरची हे आधी विचारा.

वर्ष चुकणं

सेंटरचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. फॉर्मवर छापलेलं साल मात्र वर्षाच्या सुरुवातीचं असतं, म्हणजे ‘२०२२’ चा फॉर्म जुलै २०२२ ते जून २०२३ चा. डॉब्सचा निकाल वर्ष संपायला सहा दिवस असताना लागला, तेव्हा निकालानंतरच्या देणग्या शोधायला ‘२०२१’ चा फॉर्म चाळून उपयोग नाही. आणि ताजा फॉर्म दिसत नाही म्हणून लगेच शंका घेऊ नका. मुदत १५ नोव्हेंबर, ती वाढवून घेतली तर पुढच्या वर्षीची १५ मे.

जुन्या काळातलं काही शोधत असाल तर नावही बदलून पाहा. संस्था १९९२ मध्ये निघाली, तेव्हा तिचं नाव ‘सेंटर फॉर रिप्रॉडक्टिव्ह लॉ अँड पॉलिसी’ होतं. आताचं नाव २००३ पासूनचं.

एका वर्षाच्या शिलकीवरून निकाल देणं

एखाद्या फाउंडेशनने तीन वर्षांचं अनुदान बिनशर्त कबूल केलं, तर ते सगळं पहिल्याच वर्षी जमेत धरलं जातं. ते वर्ष गब्बर दिसतं, पुढची दोन तोट्याची. शिलकीतले ‘देणगीदाराच्या अटींसह’ आणि ‘अटींविना’ हे दोन आकडे वेगळे बघा. वकिलांचे पगार अडले तर हात घालता येतो तो दुसऱ्यात.

खटला जिंकल्यावर मिळणारी फी हीसुद्धा अशीच लहरी जमा. नागरी हक्कांच्या खटल्यात जिंकणाऱ्याची वकील फी हरलेल्या राज्याकडून वसूल करता येते. २०१६ च्या होल वुमन्स हेल्थ निकालानंतर (त्यात टेक्ससचे गर्भपात क्लिनिकांवरचे निर्बंध रद्द झाले) टेक्ससने सुमारे २३ लाख डॉलर द्यावेत, असा आदेश २०१९ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी दिला होता. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये लॅकी विरुद्ध स्टिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती तात्पुरती स्थगिती मिळवणं म्हणजे जिंकणं नव्हे. स्थगितीनंतर राज्याने कायदाच मागे घेतला, तर फी नाही. ही जमा धरून बजेट आखणाऱ्या संस्थेला मी दोन प्रश्न जास्त विचारेन.

पगार दिसले की नाक मुरडणं

अन्नछत्राचा पैसा तांदळात जातो, वकिली संस्थेचा वकिलांत. इथे पगार हेच काम. बघायचं ते फॉर्म ९९० च्या भाग ९ मधले रकाने: कार्यक्रम, व्यवस्थापन आणि निधी उभारणी यांत पगार कसे वाटले आहेत. वरिष्ठांचे पगार भाग ७ मध्ये नावानिशी असतात. ते स्वतंत्र लोकांनी, तुलना करून ठरवले का, याचं उत्तर भाग ६ मध्ये.

देणगीदारांची नावं सापडणार नाहीत. शेड्यूल बीमधली ती नावं अशा संस्थांना जाहीर करावी लागत नाहीत, आणि या विषयात ते बरंच आहे.

पुण्या-मुंबईतून पैसे पाठवणाऱ्यांसाठी एवढंच, की या देणगीवर ८०जी ची करसवलत मिळत नाही. पावती मागून घ्या, पण ती सीएकडे नेऊन वाद घालू नका.