एम-टू: पद्धत बरोबर, उत्तर मात्र चूक

इंजिनिअरिंगच्या एम-टूत, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरात, दोनदा बॅक लागला (नापास झालो). सोडवलेलं उदाहरण समजायचं, पेपरात उत्तर चुकायचं. बर्डीच्या बाजारातून गाइड आणलं, क्लास लावला. नागपूरच्या उन्हात डोकं तेवढं तापलं.

शेवटी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. प्रत्येक गणितात जिथे पहिली चूक, त्याच ओळीवर लाल खूण केली. बहुतेक खुणा दहावीच्या निघाल्या: कंसाबाहेरचं उणे, अपूर्णांक. साइन दोन एक्सचं इंटिग्रेशन म्हणजे उणे कॉस दोन एक्स भागिले दोन. तो खालचा दोन मी हमखास गिळायचो (शिवाय शेवटी मिळवायचा कॉन्स्टंटही).

मग आठवडाभर नुसते कंस आणि अपूर्णांक. त्यानंतर वही झाकून रोज 5 गणितं, प्रत्येक उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन ताळा. मूळ फंक्शन परत आलं नाही, तर पुढचं गणित नाही. उन्हाळी परीक्षेत बॅक निघाला.