आजोबांचा टपाल विमा: जुना अर्ज वाचताना या चुका टाळा

जुनी ट्रंक उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. मग श्राद्धाच्या याद्या, कोर्टाचे स्टँप पेपर, कुणाकुणाच्या पत्रिका आणि अगदी तळाशी, चार घड्या घातलेला एक इंग्रजी कागद. घडीवर शाई फाकलेली, कोपऱ्याला टाचणीचा गंज. जुनी कागदपत्रं लावून देतो म्हणून माझ्याकडे जे लोक येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात हा कागद असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, पणजोबांचा सरकारी विमा आहे. आज किती मिळतील?"

बहुतेकदा काहीच मिळत नाही. पण त्या कागदातून घराण्याबद्दल पुष्कळ कळतं, तो नीट वाचला तर. तो नीट वाचायचा म्हणजे तेव्हाच्या कचेरीनं जसा वाचला तसा वाचायचा. अर्ज आला की कचेरीपुढं तीनच प्रश्न असत: हा माणूस आपला नोकर आहे का, याचं वय किती, आणि प्रकृती कशी. आपण नेमके याच्या उलट्या टोकानं सुरू होतो, रकमेपासून.

इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात टपाल विमा सुरू केला तो १ फेब्रुवारी १८८४ रोजी. टपाल खात्याचे डायरेक्टर जनरल तेव्हा फ्रेडरिक हॉग. खासगी विमा कंपन्या त्या काळात हिंदी माणसाचा विमा उतरवायला नाखूश असत, उतरवला तर जादा हप्ता लावत. मुंबईत १८७०च्या सुमारास बॉम्बे म्युच्युअल उभी राहिली ती याच भेदभावावर उपाय म्हणून. सरकारी योजना मात्र जनतेसाठी नव्हतीच. ती टपाल खात्याच्या नोकरांसाठी होती. इथंच पहिली चूक होते.

"सरकारी विमा" म्हणजे कुणालाही मिळणारा, असं धरून चालणं

पणजोबा शेतकरी, सावकार किंवा गिरणीत जॉबर असतील तर १८९०चा टपाल विमा त्यांचा असूच शकत नाही. १८८४ला फक्त टपाल खातं, १८८८पासून तारखातंही (टेलिग्राफ), आणि पुढं हळूहळू इतर सरकारी नोकर. म्हणजे तारमास्तरचा १८८६चा टपाल विमा कुणी दाखवला, तर एक तर सन चुकीचं वाचलंय, नाही तर खातं. इंग्रजी वळणात ६ आणि ८ यांची गफलत फार होते. तो आकडा भिंगाखाली धरा आणि त्याच कागदावरचे बाकीचे ६ आणि ८ शोधून ताडून पाहा.

१८९४ साली बायकांनाही हा विमा खुला झाला, हे वाचून काही जण पणजीच्या नावाची पॉलिसी शोधत बसतात. तो खुला झाला होता टपाल आणि तारखात्यात स्वतः नोकरी करणाऱ्या बायकांना, कारकुनाच्या घरच्या मंडळींना नव्हे. तरीही काळाच्या मानानं ही मोठी गोष्ट होती, कारण इतर विमेवाले तेव्हा बायकांचा विमा घेतच नव्हते.

मराठवाड्यातल्या घरांनी आणखी एक पाहावं. निजामाच्या राज्यात टपाल निजामाचं, आणि नोकरांसाठी विम्याची व्यवस्थाही पुढं निजाम सरकारनं स्वतंत्र केली होती. तेव्हा औरंगाबादेतल्या पूर्वजाचा "सरकारी विमा" कुठल्या सरकारचा, हे आधी ठरवा. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं असलं तरी १८५३पासून कारभार इंग्रजांचा, त्यामुळं अकोला-अमरावतीचा नियम वेगळा. गोवा १९६१पर्यंत पोर्तुगीजांकडे, पण मुंबईच्या टपाल खात्यात लागलेला गोंयकार मात्र या योजनेत बसे.

नावात "गव्हर्नमेंट" दिसलं की सरकारी समजणं

ही चूक मी स्वतः केलीय. १८७४ साली मुंबईत निघालेल्या एका विमा कंपनीचं नाव होतं ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ अ‍ॅश्युरन्स. नावात गव्हर्नमेंट आहे ते पैसा सरकारी रोख्यांत गुंतवला जाई म्हणून. कंपनी खासगी. तिचा कागद घेऊन पोस्टात गेलात तर खिडकीवरचा माणूस हात जोडेल. अशा खासगी कंपन्या आणि सोसायट्या, एकूण २४५, १९५६ साली आयुर्विमा महामंडळात विलीन झाल्या. टपाल विमा मात्र झाला नाही. तो आजही टपाल खात्याकडेच आहे. थोडक्यात, ओरिएंटलचा कागद असेल तर माग महामंडळाकडे, टपालाचा असेल तर पोस्टाकडे. लोक उलटे जातात आणि दोन्हीकडून हात हलवत परत येतात.

पोस्टाच्या बचत बँकेचं पासबुकही विम्याचं म्हणून दाखवलं जातं. ती योजना १८८२ची, तिचा विम्याशी संबंध नाही.

अर्जालाच पॉलिसी समजणं

फॉर्म भरला म्हणजे विमा झाला असं नसतं, तेव्हाही नव्हतं. आधी अर्ज, ज्याला प्रपोजल म्हणत. मग वैद्यकीय तपासणी. मग मंजुरी, आणि मगच पॉलिसी. हप्ता पगारातून वळता होई. म्हणून घरात नुसतं प्रपोजल सापडलं आणि पॉलिसी नाही, तर दोन शक्यता राहतात: अर्ज पुढं गेलाच नाही, किंवा पॉलिसी मुदत संपल्यावर पैसे घेताना परत दिली गेली. यांतली कुठली खरी, हे पगाराचे कागद असतील तर त्यांतल्या कपातीवरून कळतं. ट्रंकेत पगारपत्रक असलं की लोक ते "हे काही कामाचं नाही" म्हणून बाजूला ठेवतात. तेच आधी बघा.

नामंजूर झालेला अर्ज सापडला तर "पणजोबांना क्षय होता वाटतं" असा तर्क लगेच लढवू नका. प्रकृती हे एक कारण झालं. वय बसत नसेल, खातं योजनेत येत नसेल, तरीही अर्ज परत येणारच.

रकमेबद्दल एवढंच: सुरुवातीला कमाल मर्यादा ४,००० रुपये होती. मर्यादा म्हणजे वरची टोपी. तुमच्या पणजोबांचा विमा ४,०००चा होता असा त्याचा अर्थ नाही.

वयाचं गणित आजच्या पद्धतीनं करणं

यात सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि मजाही इथंच आहे.

जन्मनोंद तेव्हा घरोघर नव्हती. वय यायचं पत्रिकेवरून, म्हणजे शकावरून. आपण शकात ७८ मिळवून मोकळे होतो. पण शक बदलतो गुढीपाडव्याला, इंग्रजी साल बदलतं जानेवारीत. माघ-फाल्गुनातल्या जन्माला ७९ मिळवावे लागतात. शके १७७८च्या माघ वद्यात जन्मलेला माणूस इंग्रजी हिशेबानं १८५७च्या फेब्रुवारीतला, १८५६चा नव्हे.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे वय सांगायची जुनी रीत चालू वर्षाची. "मला चौतिसावं चालू आहे" म्हणजे तेहतीस पूर्ण. विम्याच्या दरपत्रकातही पुढच्या वाढदिवसाचं वय धरायची पद्धत आहे, टपाल विम्यात ती आजही चालते. म्हणजे आजोबांचं "चौतिसावं चालू" आणि साहेबाच्या तक्त्यातलं ३४ हे एकच. आजीबाईंचा हिशेब आणि विमागणित्याचा हिशेब असे कुठं जुळतील असं वाटलं नव्हतं!

तर हाच माघातला माणूस १८९०च्या ऑक्टोबरात अर्ज करतो आणि वय ३४ लिहितो. तुम्ही घाईनं ७८ मिळवून जन्म १८५६ काढता, १८९०मधून वजा करता, ३४ येतं. वा, जुळलं! प्रत्यक्षात दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्यात: जन्मसाल एकानं मागं गेलं आणि चालू वय पूर्ण समजलं गेलं. मग हे १८५६ वंशावळीत जातं, तिथून चुलत्याच्या वंशावळीत, आणि पुढं कुणी ते खोडायला तयार होत नाही. महिना पाहिल्याशिवाय वजाबाकी करू नका.

विसाव्या शतकातल्या अर्जांत शाळेचा दाखला वयाचा पुरावा म्हणून येतो. जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी दिलेली आहे असं समजून चाला.

नावं जुळत नाहीत म्हणून कागद परका ठरवणं

इंग्रजी कागदावर पुष्कळदा नुसतं "गोविंद रामचंद्र" असतं, आडनाव नाही. कुठं "बापू बिन तात्या". बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावात "कोम" आलं तर ते नवऱ्याचं नाव: सखूबाई कोम रामजी. आणि हीच सखू माहेरच्या कागदात यमुना असू शकते, लग्नात नाव बदललेलं. दत्तक गेलेल्या मुलाचं तर बापाचं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. नोकरीला लागताना एक, विमा घेताना दुसरं. अशा घरात दत्तकपत्र हाताशी घेतल्याशिवाय निकाल देऊ नये.

वारसाच्या रकान्यात बायकोचं नाव आहे म्हणजे पैसे कायद्यानं तिचेच, हेही धरून चालू नका. बायको-मुलांच्या नावे घेतलेली पॉलिसी म्हणजे त्यांच्यासाठीचा ट्रस्ट, तिला नवऱ्याचे सावकार हात लावू शकत नाहीत, हे १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यात आहे. पण हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन यांच्या पॉलिसींना ते कलम स्पष्टपणे लागू झालं ते मुंबई इलाख्यात १ एप्रिल १९२३पासून. त्याआधीच्या पॉलिसीवरून भावाभावांत दावा लागला असेल, तर विधवेला काही मिळालं नाही म्हणून घरच्यांना शिव्या घालण्याआधी कागदावरची तारीख बघा.

कागदाची सेवा करायला जाणं

आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू कुणी बघत नाही, आणि कचेरीचे शिक्के, आवक क्रमांक, शेरे असायचे ते तिथंच. खाली सही मोडीत असेल तर ती "खुणा" म्हणून सोडून देऊ नका. इंग्रजी फॉर्मवर मोडी सही करणारे पुष्कळ होते, आणि आडनाव कधी कधी तेवढ्या सहीतच असतं.

घडी कोरडी असताना ताणून उघडू नका, सेलोटेप लावू नका. एका गृहस्थांनी माझ्याकडे येण्याआधी कागद मोठ्या प्रेमानं लॅमिनेट करून आणला होता. लॅमिनेशनच्या उष्णतेनं शाई फाकली होती, सहीतलं पहिलं अक्षर "ग" की "म" हे आम्ही दोघं खिडकीपाशी उभं राहून अर्धा तास बघत होतो. अजून ठरलेलं नाही.