प्राध्यापकांची यादी कशी वाचावी: नाशिकमध्ये प्रवेशाचे पर्याय भरण्याआधी

महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर 'फॅकल्टी' नावाचं पान असतं. तिथून सुरुवात करू नका. ते पान महाविद्यालय स्वतःच्या सोयीने लिहितं आणि स्वतःच्या सवडीने बदलतं. सोडून गेलेली माणसं त्यावर वर्षानुवर्षं राहतात, कालच रुजू झालेली नसतात. त्याऐवजी संस्थेने दुसऱ्या कुणाला तरी सादर केलेले कागद शोधा. खोटं लिहिलं तर अंगाशी येईल, हे तिथे लिहिणाऱ्याला माहीत असतं.

यातला सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी भरलेली माहिती. भाग घेणाऱ्या संस्थेला ती पीडीएफ स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते, बहुधा पानाच्या तळाशी. शेवटच्या काही पानांवर शिक्षकांचा तक्ता असतो: नाव, वय, पद, पात्रता, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि नेमणुकीचा प्रकार. अनुभव महिन्यांत दिलेला असतो, तेव्हा १२६ हा आकडा पाहून दचकू नका, ती साडेदहा वर्षं आहेत. अभियांत्रिकी संस्था असेल तर 'मँडेटरी डिस्क्लोजर' हा दुसरा कागद. नॅकचं मूल्यांकन झालेलं कुठलंही महाविद्यालय असेल तर वार्षिक गुणवत्ता अहवालातला २.४ हा भाग पाहा. मंजूर पदं किती आणि पूर्णवेळ शिक्षक किती, हे तिथे कळतं.

दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून वाचले की बरंच उलगडतं. एखाद्या विभागातली निम्मी नावं दरवर्षी बदलत असतील, किंवा रुजू होण्याची तारीख जुलै आणि सोडण्याची तारीख मे असं पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तिथे वर्षाच्या करारावर काम चाललंय असं समजा. संस्थेची दोन-तीन महाविद्यालयं असतील तर सगळ्यांच्या याद्या काढा. तेच नाव दोन ठिकाणी 'नियमित' म्हणून दिसलं तर एका ठिकाणी ते फक्त कागदावर आहे.

आधी नियम कुणाचे ते बघा

एकाच रस्त्यावरच्या दोन महाविद्यालयांतल्या शिक्षकांना वेगवेगळे नियम लागू असतात. केटीएचएम, एचपीटी-आरवायके, बीवायके अशी कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. त्यांचे शिक्षक यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनी नेमले जातात आणि नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता लागते. के. के. वाघसारखं अभियांत्रिकी महाविद्यालय पुण्यालाच संलग्न, पण शिक्षकांची पात्रता ठरवते एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद). वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग हे सगळं १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. त्याचं मुख्यालय आपल्याच दिंडोरी रोडवर असलं तरी पात्रतेचे नियम दिल्लीतल्या आयोगांचे आणि परिषदांचे असतात. कृषी महाविद्यालयं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. खासगी विद्यापीठात संलग्नता हा प्रकारच नाही; निवड समिती त्यांची स्वतःची, म्हणून बाहेरून मान्यता देणारी दुसरी नजर तिथे नसते.

मुक्त विद्यापीठाचं गणित निराळंच. गोवर्धन परिसरातल्या मुख्यालयातले प्राध्यापक अभ्यासक्रम घडवतात, पण संपर्क सत्र घेणारी व्यक्ती तुमच्या अभ्यासकेंद्राची असते. विद्यापीठाची यादी वाचून काही उपयोग नाही, केंद्रावर जाऊन विचारा.

पीएच.डी. कुठे हवी, कुठे नको

पालक सगळ्यात आधी नावामागचं 'डॉ.' मोजतात. मोजण्यासारखी गोष्ट विषयागणिक बदलते, आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत सहायक प्राध्यापकासाठी ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी (राखीव गटांना ५ टक्के सवलत) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा, हा पाया. २०२३ च्या दुरुस्तीनंतर थेट भरतीत पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठच घेतं. सहयोगी प्राध्यापकाला मात्र पीएच.डी., ८ वर्षांचा अनुभव आणि ७ शोधनिबंध लागतात, तर प्राध्यापकाला १० वर्षं आणि १० निबंध. म्हणून यादीत 'सहयोगी प्राध्यापक' लिहिलंय आणि पात्रतेत फक्त एम.ए., सेट असेल, तर बढती कोणत्या जुन्या नियमाने मिळाली ते विचारा. जुनी 'प्रपाठक', 'अधिव्याख्याता' ही पदनामं अजून कुठे दिसली तर ते पान फार दिवसांत कुणी उघडलेलं नाही एवढाच अर्थ.

अभियांत्रिकीत नेट-सेट शोधूच नका. बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक., त्यांपैकी एकात प्रथम वर्ग, एवढी सहायक प्राध्यापकाची अट. पहिल्या वर्षाला गणित, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना मात्र यूजीसीचे नियम लागू, त्यामुळे तिथे नेट-सेट पाहायलाच हवं. हा कोपरा सहसा कुणी तपासत नाही, आणि पहिल्या वर्षीच्या गणिताचा, म्हणजे एम-१, एम-२ चा निकाल त्यावरच अवलंबून असतो.

अभियांत्रिकीत दुसरी तपासणी शाखेची. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स या नव्या शाखा सुरू करताना इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचे शिक्षक तिकडे वळवले जातात. ते वाईटच असतं असं नाही. त्या शिक्षकाचे गेल्या चार-पाच वर्षांतले निबंध आणि प्रकल्प नव्या विषयात असतील तर हरकत नसावी. एम.ई. व्हीएलएसआयची (चिप डिझाइनची), निबंध अँटेनावर आणि शिकवायला मशिन लर्निंग, असं असेल तर पर्याय खाली ढकला.

संख्येचा हिशेब सोपा आहे. प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. ६० जागांची एक शाखा, चार वर्षं, म्हणजे २४० विद्यार्थी आणि १२ शिक्षक. पदांचं प्रमाण १:२:६ धरलं तर या बारांत एक प्राध्यापक, दोन-तीन सहयोगी आणि बाकीचे सहायक असायला हवेत. बाराही सहायक असतील तर तो विभाग वरून पोकळ आहे.

उद्योगातला अनुभव हा अभियांत्रिकीत खरा फरक पाडतो आणि नाशिकला तो मिळणं अवघड नाही. ओझरचं एचएएल, सातपूर-अंबडच्या वसाहती, दिंडोरी रोडवरची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणजे मेरी. पण 'अनुभव १८ वर्षे' एवढ्यावर थांबू नका. किती अध्यापनाचा, किती कारखान्यातला, आणि कारखान्यात काम काय होतं? टूलरूममध्ये पाच वर्षं काढलेला माणूस उत्पादन तंत्रज्ञान शिकवतो तेव्हा फरक कळतो. तीच पाच वर्षं खरेदी विभागातली असतील तर त्या विषयाला फारसा उपयोग नाही. व्यवस्थापनात सहायक प्राध्यापकालाही पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, तेव्हा एमबीए झाल्या झाल्या शिकवायला लागलेलं नाव दिसलं तर विचारा.

वैद्यकशास्त्रात शल्यचिकित्सेच्या प्राध्यापकाकडे पीएच.डी. नसते आणि नसली तरी काही बिघडत नाही. तिथे एमडी, एमएस ही पदवी आणि त्यानंतरची पदांची शिडी पाहायची: एक वर्ष वरिष्ठ निवासी डॉक्टर, मग सहायक, सहायक म्हणून चार वर्षांनी सहयोगी आणि सहयोगी म्हणून तीन वर्षांनी प्राध्यापक. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या विभागांत एम.एस्सी., पीएच.डी. झालेले, डॉक्टर नसलेले शिक्षक असू शकतात. तो नियमबाह्य प्रकार नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीत नाव शोधा आणि पदव्युत्तर पदवी 'अतिरिक्त पात्रता' म्हणून चढली आहे का तेही बघा. या क्षेत्राचा जुना रोग म्हणजे तपासणीपुरते हजर होणारे कागदी प्राध्यापक. चेहरा ओळखून हजेरी घेण्याची पद्धत त्यासाठीच आली. तुमची साधी तपासणी अशी: यादीतल्या डॉक्टरांचं गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला स्वतःचं हॉस्पिटल आहे का, आणि तिथल्या फलकावर सकाळी १० ते २ अशी, म्हणजे ऐन महाविद्यालयाच्या वेळेतली वेळ आहे का?

विधी शाखेत याच्या उलट. पूर्णवेळ पगारी शिक्षकाला वकिली करता येत नाही, आणि वकिली करणाऱ्याला १९७९ च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं. त्यामुळे दोन्ही प्रकारची माणसं यादीत असणं हे चांगलं लक्षण. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा जिल्हा न्यायालयात रोज उभं राहणाऱ्याकडून शिकावा. विधिशास्त्र, राज्यघटना यांना एलएल.एम., नेट झालेला पूर्णवेळ शिक्षक बरा. सगळेच अभ्यागत वकील असतील तर तारखा लागल्या की तास बुडतात.

औषधनिर्माणशास्त्रात बी.फार्म. आणि एम.फार्म. दोन्ही हवेत, नुसती रसायनशास्त्राची एम.एस्सी. चालत नाही. वास्तुकलेत 'सीए', वर्ष आणि क्रमांक अशी वास्तुकला परिषदेची नोंदणी पाहा. कृषी शाखेत निफाडचं गहू संशोधन केंद्र किंवा पिंपळगाव बसवंतचं कांदा-द्राक्ष केंद्र अशा ठिकाणी काम केलेलं नाव दिसलं तर ते वजनदार. संगीतात आकाशवाणीची 'ए' श्रेणी असलेला, गुरूकडे शिकलेला पदवीधर कलावंत सेट नसतानाही नियमाने सहायक प्राध्यापक होऊ शकतो. 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या नावाखाली पदवीची अट नसलेले, १५ वर्षं व्यवसायात काढलेले तज्ज्ञ येतात. यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच असू शकतात, आणि नेमणूक जास्तीत जास्त चार वर्षांची.

पीएच.डी. तपासताना

शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध शोधा. नाव टाकून सापडला नाही तर लगेच खोटा ठरवू नका. मराठी नावात वडिलांचं किंवा पतीचं नाव कधी असतं, कधी नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदलतं. चौधरी हे आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. मार्गदर्शकाचं नाव किंवा विषयातला नेमका शब्द टाकून पुन्हा शोधा. २००९ च्या आधीचे बरेच प्रबंध तिथे नाहीत. नंतरचा असूनही नसेल तर महाविद्यालयाकडे विद्यापीठाची पीएच.डी. अधिसूचना मागा. 'पीएच.डी. (चालू)' याला पात्रतेत शून्य गुण द्या, सात वर्षांपूर्वीच्या यादीतही तेच लिहिलेलं असेल तर विशेषच.

संशोधन मार्गदर्शकाची फुशारकीही मोजता येते. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६ आणि सहायकाकडे ४ संशोधक, ही मर्यादा आहे. सहायक प्राध्यापकाच्या पानावर 'सध्या ११ विद्यार्थी मार्गदर्शनाखाली' असेल तर ते वाक्य तिथेच सोडून द्या. निबंधांच्या यादीत आकडा पाहण्यापेक्षा तारखा पाहा. एकाच महिन्यात, एकाच नियतकालिकात पाच निबंध ही पदोन्नतीची घाई असते. 'यूजीसी केअर' (यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी) हा शिक्का फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने बंद केला, त्यामुळे त्यानंतरच्या निबंधावर तो मिरवलेला दिसला तर दुर्लक्ष करा.

सीएचबी म्हणजे कमी पात्रता नव्हे

सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावरचा शिक्षक अनेकदा नेट, सेट, पीएच.डी. सगळं झालेला असतो. पद भरलं जात नाही म्हणून तो तासावर शिकवतो, तास संपला की दुसऱ्या महाविद्यालयाकडे निघतो. वर्गात तो कायमस्वरूपी शिक्षकाइतकाच चांगला असू शकतो, कधी जास्तच. अडचण वर्गाबाहेर येते: प्रकल्पाला मार्गदर्शक, शिफारसपत्र, शंका विचारायला दुपारची वेळ. म्हणून प्रश्न 'सीएचबी आहेत का' हा नसून 'किती आहेत आणि कोणत्या विषयांना' हा आहे. विशेषीकरणाचा विषयच तासिकेवर असेल तर एम.ए., एम.एस्सी.साठी दुसरीकडे बघा.

प्रत्यक्ष गेल्यावर

प्रवेश कक्षात बसू नका, विभागात जा आणि सूचना फलकावरचं चालू सत्राचं वेळापत्रक मागा किंवा त्याचा फोटो घ्या. यादी काहीही सांगो, शिकवतं कोण ते या कागदावर असतं. त्यात आद्याक्षरं असतात. ती यादीतल्या नावांशी जुळवा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४, हा यूजीसीचा भार लक्षात ठेवा. एकाच आद्याक्षराचे २४ तास दिसले तर माणसं कमी आहेत. नावाच्या जागी रिकामी चौकट किंवा 'नवीन' असं लिहिलेलं असेल तर ते पद भरलेलं नाही. यादीत आहे पण वेळापत्रकात कुठेच नाही, अशा नावाबद्दल विभागप्रमुखांना सरळ विचारा. रजेवर, प्रतिनियुक्तीवर असणं हे खरं उत्तर असू शकतं, 'येतात अधूनमधून' हे नाही.

मान्यतेची पत्रं महाविद्यालयाने दाखवली नाहीत तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा. अनुदानित महाविद्यालय असेल तर तिथेच, विनाअनुदानित असेल तर संलग्न विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. मागणी मोघम नको: 'अमुक विभागातील मान्यताप्राप्त शिक्षकांची पदनिहाय यादी व मान्यता पत्रांच्या प्रती, शैक्षणिक वर्ष अमुक'. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, तेव्हा बारावीची परीक्षा संपल्या संपल्या अर्ज टाकला तरच कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीआधी कागद हातात पडेल.