मराठवाड्यातल्या पावसाच्या खंडावर प्रबंध: फाईल वाचण्यापासून नकाशापर्यंत

हवामानशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारे मराठवाड्यातले बरेच विद्यार्थी पहिला विषय घेतात तो 'मराठवाड्यातील पर्जन्यमानाचा कल' हा. त्यात जून ते सप्टेंबरची बेरीज, एक सरळ रेषा आणि तिचा उतार एवढंच हाती लागतं. इथला खरा प्रश्न बेरजेत सापडत नाही. हंगामाची सरासरी साडेसहाशे मि.मी.च्या आसपास आहे, आणि तेवढा पाऊस पडूनही सोयाबीन हातचं जातं, कारण फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पाऊस वीस दिवस ओढ देतो आणि सप्टेंबरात दोन दिवसांत कसर भरून काढतो. म्हणून विषय खंडाचा घ्या. खंड कधी पडतो, किती दिवसांचा असतो, कुठे आधी सुरू होतो आणि त्या वेळी वरच्या हवेत काय चाललेलं असतं, हे चार प्रश्न एका प्रबंधाला पुरून उरतात.

आधी फाईल नीट वाचा

भारतीय हवामानशास्त्र विभागाचा दैनिक पर्जन्य ग्रिड डेटा (नकाशावर ठरावीक अंतराच्या बिंदूंवर मांडलेला रोजचा पाऊस) पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतो. तो १९०१ पासून आहे आणि ग्रिड ०.२५ अंशाची आहे. रेखांश ६६.५ ते १०० पूर्व म्हणजे १३५ स्तंभ, अक्षांश ६.५ ते ३८.५ उत्तर म्हणजे १२९ ओळी. बायनरी फाईल घेतली तर प्रत्येक आकडा ४ बाइटचा असतो. आधी रेखांश पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो, मग अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे. पहिली तपासणी फाईलच्या आकाराची करा. साध्या वर्षाची फाईल २,५४,२५,९०० बाइटची आणि लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटची असली पाहिजे. एकही बाइट कमी असेल तर डाउनलोड अर्धवट झालंय, पुन्हा उतरवा.

परभणी शहराला जवळचा ग्रिडबिंदू १९.२५ उत्तर, ७६.७५ पूर्व. शून्यापासून मोजलं तर ओळ ५१ आणि स्तंभ ४१. हा बिंदू हाताने काढून पाहा आणि तुमचा प्रोग्रॅम तोच आकडा देतो का ते जुळवा. अक्षांश उलटा वाचला गेला तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही, मुकाट्याने दुसऱ्याच अक्षांशावरचा आकडा देतो. १ जून हा साध्या वर्षात १५२ वा दिवस असतो, लीप वर्षात १५३ वा. सगळ्या वर्षांना एकच क्रमांक लावला तर दर चौथ्या वर्षी हंगाम एक दिवस सरकतो.

डेटा नसलेल्या जागी उणे ९९९ लिहिलेलं असतं. सरासरी काढली तर चूक लगेच दिसते, कारण उत्तर उणे येतं. खंड मोजताना मात्र ती लपते. 'पाऊस २.५ पेक्षा कमी' ही अट उणे ९९९ सहज पूर्ण करतं आणि अरबी समुद्रात १२२ दिवसांचा खंड तयार होतो. उणे ९९९ काढून तिथे रिकामी किंमत घातली की उलटी चूक होते. पायथनमध्ये रिकाम्या किमतीची (NaN) कमी-जास्तची कुठलीही तुलना 'खोटी' ठरते, म्हणजे तो दिवस आपोआप पावसाचा धरला जातो. म्हणून 'डेटा आहे की नाही' याचा वेगळा मुखवटा (प्रत्येक आकड्यापुढे 'हो' किंवा 'नाही' अशी खूण) ठेवा आणि खंड मोजल्यावर तो पुन्हा लावा.

तारीख कोणाची?

बहुतेक प्रबंध इथेच अडकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. १० ऑगस्टच्या नोंदीत ९ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १० तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस असतो. मराठवाड्यात पाऊस बहुधा दुपारनंतर आणि रात्री गडगडाटासह पडतो. त्यामुळे ९ तारखेच्या संध्याकाळी लोकांनी पाहिलेला पाऊस कागदावर १० तारखेला येतो.

याची खात्री मुंबईवर करून घ्या. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मि.मी. पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रिड डेटात मुंबईजवळच्या बिंदूंवर त्याचं शिखर २७ जुलैला, म्हणजे वर्षाच्या २०८ व्या दिवशी दिसलं पाहिजे. आकडा ९४४ पेक्षा कमी असेल, कारण ग्रिड आजूबाजूच्या केंद्रांची सरासरी धरते. तारीख मात्र चुकता कामा नये.

इआरए-५ या पुनर्विश्लेषणाशी (जुनी निरीक्षणं मॉडेलमध्ये घालून तयार केलेल्या हवामानाच्या डेटाशी) तुलना करताना हेच गणित पुन्हा येतं. त्यातला तासाचा पाऊस हा त्या तासाला संपणाऱ्या साठ मिनिटांचा असतो, वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि एकक मीटर असतं. आपली सकाळची साडेआठ म्हणजे तिथले ३ वाजले. म्हणून १० ऑगस्टच्या नोंदीशी जुळवायला ९ तारखेच्या ४ वाजल्यापासून १० तारखेच्या ३ वाजेपर्यंतच्या २४ किमतींची बेरीज घ्या आणि १००० ने गुणा. मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज केली तर दोन्ही डेटांचा दैनिक सहसंबंध विनाकारण घसरतो, आणि विद्यार्थी मॉडेलला दोष देत बसतो.

खंडाची व्याख्या

हवामान विभागाच्या हिशेबात २.५ मि.मी. किंवा जास्त पाऊस पडला तर तो पावसाचा दिवस. त्यामुळे २.५ चा उंबरठा सर्वमान्य आहे, सुरुवात त्यानेच करा. पण ऑगस्टमध्ये उभ्या पिकाला दिवसाला साधारण ४ ते ५ मि.मी. पाणी लागतं. बारा कोरड्या दिवसांनंतर आलेली ३ मि.मी.ची सर मुरमाड रानात संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, आणि तुमच्या मोजणीत मात्र खंड तिथे तुटतो. म्हणून २.५, ५ आणि १० असे तीन उंबरठे लावा. शिवाय चौथी व्याख्या जोडा: सलग तीन दिवसांत २० मि.मी. पडल्याशिवाय खंड मोडला असं धरायचं नाही. चारही व्याख्यांत टिकणारा निष्कर्ष पक्का समजा. फक्त २.५ वर टिकणारा असेल तर तसं स्पष्ट लिहा.

मोजणी कधी सुरू करायची? १ जूनपासून केली तर पावसाळा उशिरा आलेलं प्रत्येक वर्ष मोठ्या खंडाचं दिसेल. तो खंड नव्हे, ती वाट पाहणं आहे. कृषी खातं ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, तोच धागा धरा. १ जूननंतरची बेरीज ज्या दिवशी ७५ ओलांडते तो त्या ग्रिडबिंदूचा पेरणीचा दिवस, आणि खंड त्यानंतर मोजायचे. दुबार पेरणीची वर्षं यात आपोआप वेगळी उठून दिसतात. ३० सप्टेंबरला चालू असलेला खंड अर्धवट कापला जातो. त्याची लांबी सरासरीत धरू नका, वेगळी खूण करून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आधी प्रत्येक बिंदूवर खंड मोजा, मग विभागाची सरासरी काढा. उलटा क्रम चालत नाही. समजा नांदेडकडच्या चौथ्या हिश्श्यावर १२ मि.मी. पाऊस पडला आणि बाकी मराठवाडा कोरडा राहिला. विभागाची सरासरी येते ३ मि.मी., म्हणजे बीड, धाराशिवसकट सगळा मराठवाडा त्या दिवशी भिजला असं ठरतं. हीच गोष्ट दर तीन-चार दिवसांनी झाली तर पश्चिमेचा तीन आठवड्यांचा खंड हिशेबातून नाहीसा होतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पश्चिम भाग आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा पाऊस मिळणारा पूर्व भाग यांची एकच सरासरी करणं म्हणजे प्रश्न सुरुवातीलाच पुसून टाकणं.

मराठवाड्याचं क्षेत्रफळ सुमारे ६४,५०० चौ.कि.मी. ०.२५ अंशाचा एक चौकोन इथे सव्वासातशे चौ.कि.मी.च्या आसपास भरतो. म्हणजे जवळपास ९० चौकोन. सीमेची फाईल लावल्यावर ६० किंवा १३० आले तर सीमा किंवा प्रक्षेपण चुकलंय. (अक्षांशाच्या कोसाइनचं वजन एवढ्या भागात दोन टक्क्यांहून जास्त फरक करत नाही. ते नाही दिलं तरी चालेल. हिंदी महासागरासाठी मात्र द्यायलाच हवं.)

ग्रिडवर आंधळा विश्वास नको

ग्रिडचे आकडे केंद्रांच्या नोंदींवरून अंतराच्या वजनाने पसरवलेले असतात. परिणाम दोन. शेजारच्या केंद्रावरचा पाऊस कोरड्या बिंदूवर थोडा थोडा शिंपडला जातो, म्हणून ग्रिडवरचे खंड प्रत्यक्ष केंद्रापेक्षा आखूड दिसतात. आणि केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलत गेली आहे, म्हणून खंडांच्या लांबीतला 'कल' हा निव्वळ केंद्रं वाढल्या-घटल्याचाही असू शकतो. यावर उपाय एकच, काही केंद्रांच्या मूळ नोंदी मिळवून तीच मोजणी करणं. चिकलठाणा, परभणी, नांदेड यांपासून सुरुवात करा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या नोंदींना पिकाचा संदर्भही असतो. केंद्रांच्या डेटासाठी विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज लागतो आणि वेळ जातो. तो अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, सिनॉप्सिस लिहिताना नव्हे.

महसूल मंडळांचा दैनिक पाऊस राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन'वर मिळतो. अलीकडच्या वर्षांच्या पडताळणीला तो उत्तम. पण स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला की ते मुकाट्याने शून्य लिहीत राहतं. एका मंडळात पंधरा दिवस शून्य आणि भोवतालच्या चार मंडळांत त्याच काळात चार-पाच सरी असतील, तर ती नोंद बाजूला ठेवा. नाहीतर तुमच्या नकाशावरचा सर्वांत मोठा खंड हा एका तुंबलेल्या नरसाळ्याचा असेल.

जुन्या तालुका नोंदी वापरणार असाल तर दोन सावधगिऱ्या. जालना जिल्हा १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये झाला. त्यामुळे 'परभणी जिल्हा' म्हणजे १९९० आणि २०१० मध्ये एकच भूभाग नव्हे. जिल्हा सोडा, केंद्राचं नाव धरा. आणि निजामाच्या काळातले कागद फसली या महसुली सालात असतील तर त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं. आकडे इंचात आहेत का तेही पाहा, एक इंच म्हणजे २५.४ मि.मी.

उपग्रहाच्या डेटात आयमर्ग अर्ध्या तासाचा आणि ०.१ अंशाचा आहे. त्यातून साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज नेमकी काढता येते. चर्प्सची ग्रिड ०.०५ अंशाची म्हणून मोह होतो, पण त्याचा मूळ हिशेब पाच दिवसांचा आहे आणि दैनिक आकडे त्यातून वाटून काढलेले आहेत. मासिक दुष्काळासाठी घ्या, दैनिक खंडासाठी नको.

मोजणी बरोबर आहे का, हे तपासायला १९७२ आणि ऑगस्ट २०२३ पाहा. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ चा. त्या महिन्यात तुमच्या नकाशावर लांब खंड उमटले नाहीत तर पुढे जाऊ नका.

कल आणि वरची हवा

कलासाठी मान-केंडल चाचणी (कल खरा की योगायोग ते पाहायला) आणि सेनचा उतार (कल किती वेगाचा ते काढायला) पुरेसे आहेत. ९० चौकोनांवर ५ टक्के पातळीने चाचणी केली तर काहीही नसताना चार-पाच चौकोन 'लक्षणीय' येणारच. शेजारचे चौकोन एकमेकांना बांधलेले असल्याने ते गटानेही येतात. तेव्हा नकाशावरच्या पाच ठिपक्यांवर अख्खं प्रकरण उभं करू नका. शेवटचं वर्ष बदलूनही पाहा. २०१२, २०१४, २०१५ या दुष्काळांवर मालिका थांबवली की एक चित्र दिसतं, आणि २०२० ते २०२२ ही चांगल्या पावसाची वर्षं धरली की उतार बदलतो. दोन्ही आकडे छापा.

वरच्या हवेसाठी जुलै-ऑगस्टमधले १० दिवसांहून मोठे खंड निवडा आणि ८५०, ७०० व ५०० हेक्टोपास्कल या दाबाच्या पातळ्यांवर इआरए-५ चे वारे, आर्द्रता आणि भूविभव उंची घ्या. ० ते ४० उत्तर, ४० ते ११० पूर्व एवढं क्षेत्र, दिवसाला चार वेळा, १२२ दिवस, ४५ वर्षं. १६ बिटांत साठवलं तर एका घटकाला एका पातळीवर साधारण २ जीबी लागतात. इआरए-५ च्या मागणी अर्जात क्षेत्राचा क्रम उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व असा असतो. पावसाची नोंद आदल्या दिवसाची असते, म्हणून वाऱ्याची तारीख एक दिवस मागे घ्या. विचलन (त्या तारखेच्या नेहमीच्या सरासरीपासूनचा फरक) काढताना रोजची सरासरी पहिल्या तीन-चार हार्मोनिक्सनी (वर्षभराच्या लयीतल्या मोठ्या लाटांनी) गुळगुळीत करा, नाहीतर जुलै-ऑगस्टमधला ऋतूचा नेहमीचा बदलच खंडाची खूण म्हणून पुढे येईल. लक्षणीयतेसाठी त्याच कॅलेंडर तारखा इतर वर्षांतून यदृच्छया उचलून हजार वेळा संच बनवा आणि त्यांच्याशी तुलना करा.

मान्सूनचा देशव्यापी 'ब्रेक' (पाऊस काही दिवस मंदावण्याचा काळ) ज्या मध्यवर्ती पट्ट्यावर मोजतात तो ढोबळमानाने १८ ते २८ उत्तर, ६५ ते ८८ पूर्व असा आहे. त्या पट्ट्यातल्या पावसाचं प्रमाणित विचलन (सरासरीपासूनचा फरक भागिले प्रमाण विचलन) सलग तीन दिवस उणे १ च्या खाली गेलं की ब्रेक धरतात. मराठवाडा त्या पट्ट्याच्या दक्षिण काठावर पडतो. म्हणून दोन रकान्यांचा तक्ता करा: ब्रेकमध्ये पडलेले खंड, आणि ब्रेक नसताना पडलेले खंड. पहिल्या रकान्यात मान्सूनचा आस (कमी दाबाचा लांबट पट्टा) हिमालयाच्या पायथ्याला सरकल्याचं ओळखीचं चित्र येईल. दुसऱ्या रकान्यासाठी ७०० हेक्टोपास्कलवर वायव्येकडून येणारी कोरडी हवा आधी तपासा. नवीन काही सापडायची शक्यता या रकान्यात जास्त आहे.

एल निनोशी जोडताना घाई नको. १९७२, २०१५, २०२३ ही एल निनोची वर्षं खरी, पण २०१८ च्या पावसाळ्यात एल निनो नव्हता आणि दुष्काळ होता. हिंदी महासागराच्या द्विध्रुवासह (त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाच्या फरकासह) गट पाडले की एकेका गटात पाच-सहा वर्षंच उरतात. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात त्या गटात किती वर्षं आणि किती खंड आहेत ते छापा. संख्या आठच्या खाली गेली तर सरासरीचा नकाशा देण्याऐवजी प्रत्येक वर्षाचा छोटा नकाशा शेजारी शेजारी लावा.