नव्या ग्राफिक्स कार्डांची चाहूल लागली की काय काय करून ठेवायचं

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया आणि एएमडी या कंपन्यांच्या पुढच्या कार्डांच्या बातम्या फुटू लागल्या की सगळ्यात आधी प्रत्येक बातमीचे दोन भाग करा. चिप आणि मेमरीबद्दल काय म्हटलंय ते एकीकडे, किमतीबद्दल काय म्हटलंय ते दुसरीकडे. चिपची रचना लाँचच्या कितीतरी महिने आधी ठरते, त्यामुळे तिच्याबद्दल फुटलेली बातमी बऱ्याचदा खरी निघते. किंमत मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत हलत राहते. जून २०१९मध्ये एएमडीने आरएक्स ५७०० एक्सटी ४४९ डॉलरला जाहीर केलं. एनव्हिडियाने मध्येच आपली सुपर नावाच्या कार्डांची मालिका उतरवली आणि ७ जुलैला कार्ड विक्रीला आलं ते ३९९ डॉलरला. एएमडीच्याच आरएक्स ९०७० एक्सटीची खोकी जानेवारी २०२५मध्येच दुकानांत पोचली होती, पण ५९९ डॉलर हा आकडा कळला २८ फेब्रुवारीला. कंपनीनेच अजून ठरवलेलं नाही, ते फोडणार कोण? म्हणून ऐकीव किमतीवर बजेट बांधू नका. खिशाला झेपेल तो आकडा आजच कागदावर लिहून ठेवा आणि लाँचच्या दिवशी तो बदलू नका.

मग मेमरीचं गणित शिकून घ्या. हे एक जमलं तर निम्म्या अफवा तुम्हालाच तपासता येतील. ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरीला जीडीडीआर म्हणतात; तिची प्रत्येक चिप ३२ बिटची वाट अडवते. बस, म्हणजे मेमरीपासून मुख्य चिपपर्यंतची ही सगळी वाट, २५६ बिटची असेल तर आठ चिप बसतात; २ जीबीची एक चिप धरली तर १६ जीबी. १९२ बिटला सहा चिप, म्हणजे १२ जीबी. १२८ बिटला चार, म्हणजे ८ जीबी. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिप लावल्या तर १६. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी दोन्ही ८ आणि १६ जीबीमध्ये का आले, ते इथे कळतं. आता जीडीडीआर ७च्या ३ जीबीच्या चिपही आल्या आहेत आणि लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ५०९०ला २५६ बिटवर २४ जीबी त्यांच्यामुळेच मिळतात. तेव्हा १९२ बिटवर १८ जीबीची बातमी आली तर ती शक्य आहे. त्याच बसवर १६ जीबी कुणी सांगितलं तर सारख्या आकाराच्या चिपांनी गणित जुळत नाही, पुढे वाचायची गरज नाही. मात्र शक्य असलेली गोष्ट होईलच असंही नाही. याच चिप एआयच्या महागड्या कार्डांनाही हव्या असतात, आणि २०२५च्या अखेरीस मेमरीची टंचाई इतकी वाढली की मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने आपला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मेमरी महाग असताना जास्त जीबीचं कार्ड स्वस्तात येईल, या आशेवर थांबू नका.

ताकदीचे आकडे कंपनीने स्वतः दिले तरी खालची बारीक अक्षरं वाचा. आरटीएक्स ५०७० ही आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९०च्या तोडीची आहे, असं जानेवारी २०२५मध्ये मंचावरून सांगितलं गेलं. त्या तुलनेत एआयने तयार केलेल्या जादा फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं, मोजल्या होत्या. एएमडीनेही २०१७च्या सुरुवातीला आपल्या व्हेगा कार्डांच्या जाहिरातीत एनव्हिडियाच्या येऊ घातलेल्या व्होल्टा चिपला डिवचलं होतं, आणि ऑगस्टमध्ये आलेलं व्हेगा ६४ एनव्हिडियाच्या आदल्या वर्षीच्या जीटीएक्स १०८०शीच झुंजत राहिलं. मला यात दोन्ही कंपन्या सारख्याच वाटतात. म्हणून आपण खरोखर खेळतो ते पाच-सहा गेम, आपल्या मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि सध्या सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम लिहून ठेवा. पुढची तुलना याच कागदाशी करायची.

बातम्यांवर अवलंबून नसलेली कामं आत्ताच उरका. एसएमपीएसवरचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, वॅटचा आकडा आणि खरेदीचं वर्ष बघा. आरटीएक्स ५०७०साठी ६५० वॅट, ५०७० टीआयसाठी ७५०, ५०८०साठी ८५० अशी एनव्हिडियाची शिफारस आहे. पुढची पिढी कमी मागेल असं धरून चालू नका. वॅटच्या अफवा वरच्या बाजूला फुगतात हेही खरं. आरटीएक्स ४०९० हे ६०० वॅटचं असेल अशी चर्चा होती, आलं ते ४५० वॅटचं. कार्डाला वीज देणारा सोळा पिनचा कनेक्टर लागणार असेल तर पिन शेवटपर्यंत आत बसायला हवी आणि केबल तोंडापाशीच वाकायला नको. ४०९०चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी याच जागी आल्या होत्या. कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यापर्यंतची जागा टेपने मोजा. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करून ठेवा, इंटेलच्या आर्क कार्डांना तर त्याशिवाय पर्याय नाही.

जुनं कार्ड विकण्याची घाई करू नका. सप्टेंबर २०२०मध्ये ६९९ डॉलरचं आरटीएक्स ३०८० जाहीर होताच अनेकांनी आधीच्या पिढीतली २०८० टीआय पडत्या भावात काढून टाकली, आणि नवीन कार्ड महिनोन्‌महिने मिळेना. नवं कार्ड हातात येऊन मशीन नीट चालल्यावरच जुन्याची जाहिरात टाका. भाव थोडा कमी मिळेल, पण गेम बंद पडणार नाही.

आपल्याकडच्या किमतीसाठी डॉलरला रुपयाने गुणून थांबू नका. अमेरिकेतला आकडा करापूर्वीचा असतो, इथे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि आयातदाराचा खर्च चढतो. ५४९ डॉलरच्या ५०७०ची भारतातली अधिकृत किंमत ५९,००० रुपये होती. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर वॉरंटी इथे चालते का, हे आधी विचारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

आणि परीक्षणं विक्रीच्या आधी येतायत का ते बघा. ९०७० एक्सटीची एक दिवस आधी, ५ मार्चलाच आली होती. आरटीएक्स ५०६०च्या वेळी १९ मे २०२५ला विक्री सुरू होईपर्यंत बहुतेक परीक्षकांकडे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअरच नव्हतं. तसं पुन्हा झालं तर पहिल्या दिवशी ऑर्डर टाकू नका.